पगारी सुट्टी आणि शेवंतीची कुंडी

गेल्या महिन्यात या पानावर ओघात लिहून गेले होते की, लिस्बनमध्ये आमच्या हिशेबाच्या कचेरीत नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं की ते सगळ्यांत आधी माझ्या टेबलावर येतं, कारण तीसेक लहानमोठ्या दुकानांची आणि हॉटेलांची पगारपत्रकं मी करते. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. आपल्या लोकांना पगारापेक्षा सुट्टीची काळजी जास्त, असं माझे वेंगुर्ल्याचे आजोबा म्हणायचे. घ्या, जमतील तेवढी उत्तरं देते.

कोल्हापूरहून एक वाचक लिहितात : मुलगा नोकरीसाठी पोर्तुगालला निघालाय. कॅथलिक देश, म्हणजे सगळ्या सुट्ट्या चर्चच्याच असणार. आपल्या माणसाला त्यांतल्या किती मिळतात?

काका, सगळ्याच मिळतात. सकाळी मिस्साला गेला होतास का, असं सोमवारी कुणी विचारत नाही. देशभराच्या सक्तीच्या सुट्ट्या १३. त्यांतला ईस्टरचा रविवार हा मुळातच रविवार, म्हणजे खऱ्या १२ धरा. आपल्याकडच्यासारखंच, सुट्टी शनिवार-रविवारी आली की गेली, बदली मिळत नाही. याशिवाय वर्षाची रजा किमान २२ कामाचे दिवस. गुड फ्रायडे आहे, पण ईस्टरनंतरचा सोमवार नाही. इटलीत तो असतो, त्यामुळे तिकडून आलेले लोक इथे पहिल्या वर्षी फसतात.

आता चर्चच्या किती? गुड फ्रायडे, ईस्टर, कोर्पु द देउश म्हणजे ख्रिस्तदेहाचा सण, १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर, ८ डिसेंबर आणि नाताळ, अशा सात. राज्याच्या पाच : २५ एप्रिल, १ मे, १० जून, ५ ऑक्टोबर, १ डिसेंबर. उरला १ जानेवारी. तो चर्चही आपला म्हणतं आणि सरकारही.

पण ही वाटणी कागदावरची. १ डिसेंबर घ्या. १५८० पासून साठ वर्षं पोर्तुगाल स्पेनच्या राजांकडे होता. १६४० साली १ डिसेंबरला लिस्बनच्या सरदारांनी उठाव केला आणि चौथा जुआंव गादीवर आला. म्हणजे सुट्टी राज्याची. आठवड्यात येतो ८ डिसेंबर, मेरीच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. (येशूच्या नव्हे हं. आईच्या पोटात खुद्द मेरी आली ती पापाच्या डागाविना, असा अर्थ. हे इथल्या अर्ध्या लोकांनाही सांगता येत नाही.) तर ह्याच जुआंव राजाने १६४६ साली मेरीला देशाची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं आणि आपला मुकुट तिला वाहिला. त्यानंतर पोर्तुगालच्या एकाही राजाने डोक्यावर मुकुट ठेवला नाही. आषाढीला मुख्यमंत्री विठोबाची महापूजा करतात तेव्हा शासन कुठे संपतं आणि पंढरपूर कुठे सुरू होतं, हे सांगता येतं का? तसंच हे.

मुलाला आणखी एक सांगा. १५ ऑगस्टला इथे सुट्टी असते, मेरी देहासह स्वर्गात गेली म्हणून. त्यामुळे झेंडावंदनाला वकिलातीत जायला रजा टाकावी लागत नाही. आणि ‘नाताळ’ काय किंवा ‘पगार’ काय, दोन्ही शब्द यांच्याकडूनच आलेत. पगारी सुट्टी म्हणताना निम्मं पोर्तुगीज तो आत्ताच बोलतोय.

पुण्याहून एक निवृत्त बँक कर्मचारी : तिथल्या सरकारने मध्यंतरी काही सुट्ट्या रद्द केल्या होत्या असं वाचल्याचं आठवतं. धर्माच्या सुट्टीला हात लावायची हिंमत कशी झाली?

ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होते, कारण ती तीन वर्षं माझ्या वहीत आहेत.

२०११ साली देशाची तिजोरी रिकामी झाली. युरोपीय संघ आणि नाणेनिधी यांनी मिळून ७८ अब्ज युरोंचं कर्ज दिलं, आणि घरात पाहुणा म्हणून आलेल्या सावकाराप्रमाणे प्रत्येक डब्याचं झाकण उघडून पाहिलं. लोक जास्त दिवस काम करतील तर उत्पादन वाढेल, असं सरकारने ठरवलं. चार सुट्ट्या निवडल्या त्या तराजूत तोलून : चर्चच्या दोन, राज्याच्या दोन. कोर्पु द देउश आणि १ नोव्हेंबर एका पारड्यात, ५ ऑक्टोबर आणि १ डिसेंबर दुसऱ्यात.

हिंमतीचं म्हणाल तर गंमत उलटीच झाली. चर्चच्या सुट्ट्यांना व्हॅटिकनशी केलेल्या कराराचं कवच आहे, सध्याचा करार २००४ चा. त्यामुळे त्या दोघींसाठी सरकारला रोमशी बोलणी करावी लागली. राज्याच्या सुट्ट्यांची बाजू घ्यायला कोण होतं? कुणी नाही. ५ ऑक्टोबर म्हणजे १९१० साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं तो दिवस. प्रजासत्ताकाने स्वतःचा वाढदिवस स्वतःच खोडला. २०१२ ला सुट्टी म्हणून तो शेवटचा साजरा झाला तेव्हा लिस्बनच्या महापालिकेच्या गच्चीवर राष्ट्राध्यक्षांच्या हातून झेंडा उलटा चढला. आम्ही टीव्हीसमोर उभे होतो. आधी कुणाला कळलंच नाही, मग एकजण हळूच म्हणाला, “उलटाय.” त्यानंतर त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

१ जानेवारी २०१३ पासून चारही सुट्ट्या बंद. मी वहीत मांडून ठेवलं होतं, ते तसंच उतरवते. २०१३ साली ५ ऑक्टोबर शनिवारी आला, १ डिसेंबर रविवारी. म्हणजे हाती लागले दोनच जादा दिवस, ख्रिस्तदेहाचा गुरुवार आणि १ नोव्हेंबरचा शुक्रवार. २०१४ : गुरुवार पुन्हा एक, १ डिसेंबरचा सोमवार एक, बाकी दोन शनिवार-रविवारी. २०१५ : तीन. चार सुट्ट्या गुणिले तीन वर्षं म्हणजे बारा दिवस अशी भाषणं झाली होती, प्रत्यक्षात सोमवार ते शुक्रवार काम करणाऱ्याचे भरले सात. हे गणित मी तेव्हा आमच्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, “कर्ज देणाऱ्याला कॅलेंडर दाखवायचं नसतं.”

ह्या तीन वर्षांत एक मात्र बघायला मिळालं. कोर्पु द देउशची मिरवणूक चर्चने मुकाट्याने पुढच्या रविवारी नेली, आणि मिरवणुकीसाठी हळहळलेलं माणूस माझ्या माहितीत एकही नाही. हळहळ झाली ती गुरुवारला जोडून मिळणाऱ्या शुक्रवारची. पण १ नोव्हेंबर २०१३, तो एकच कामाच्या दिवशी आलेला १ नोव्हेंबर! माझ्या तीस आस्थापनांपैकी निम्म्यांतून रजेचे अर्ज आले. त्या दिवशी घरच्यांच्या थडग्यावर जायची इथे रीत, म्हणून लोकांनी स्वतःची २२ मधली रजा खर्च केली. मला विचाराल तर सुट्टी कुणाची आहे हे ओळखायची हीच खूण. सरकारने काढून घेतल्यावर माणूस पदरची रजा घालतो का, ते बघावं.

२०१६ साली चारही परत आल्या. त्या आणल्या अंतोनियु कोश्ता यांच्या सरकारने, म्हणजे ज्यांच्या घराण्याचं घर आजही मडगावात आहे ते. झेंडा उलटा चढला तेव्हा लिस्बनचे महापौरही तेच होते. पहिली परत आलेली सुट्टी २६ मे २०१६ ची, कोर्पु द देउश. त्या गुरुवारी मी काय केलं? झोपले. शुक्रवारी पण.

पोर्तुहून एक ठाणेकर ताई : १ नोव्हेंबरच्या आधी इथे फुलवाल्यांकडे शेवंतीचे ढीगच ढीग. दसऱ्याचा बाजार वाटला. मी कुंडी आणून दारात ठेवली, तर शेजारीण बघतच राहिली. काही चुकलं का?

ताई, तुम्ही निदान स्वतःच्या दारात ठेवलीत. मी दुसऱ्याच्या घरी नेली होती.

मी आले २००६ साली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. घरमालकीण खाली राहायची, सत्तरीची, कायम काळ्या कपड्यांत. वाटलं, फराळ द्यावा आणि सोबत फूल न्यावं. कोपऱ्यावरच्या दुकानात पिवळीधमक शेवंती, कुंडीत टच्च भरलेली. वेंगुर्ल्याला आमच्या तुळशीपाशी असायची तशी. पाच युरो. बेसनाचे चार लाडू आणि ती कुंडी घेऊन मी दार वाजवलं. बाईंनी लाडू हातात घेतले. कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, “ओब्रिगादा, फिल्या” म्हणाल्या, म्हणजे थँक्यू पोरी, आणि कुंडी जिन्याच्या पायरीवर ठेवली. घरात नेली नाही.

१ नोव्हेंबरला सकाळी माझीच बेल वाजली. बाईंच्या एका हातात बादली, तिच्यात घासायचा ब्रश आणि ब्लीचची बाटली, दुसऱ्या हातात माझी शेवंती. “चल.” अठ्ठावीस नंबरच्या ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. तिथे स्मशानभूमी आहे, तिचं नाव प्राझेरेश. पोर्तुगीजमध्ये ह्याचा अर्थ आनंद, सुखं. आतमध्ये जत्रा. बायका गुडघ्यावर बसून संगमरवर घासतायत, नातवंडं नळावरून पाणी आणतायत, लाल प्लास्टिकच्या पेल्यांत मेणबत्त्या. आणि जिकडे बघावं तिकडे शेवंती. बाईंनी नवऱ्याचा दगड घासला, माझी कुंडी मधोमध ठेवली आणि त्याला मोठ्याने सांगितलं, “ही वरच्या मजल्यावरच्या भारतीय मुलीने दिलीय. आठवडाभर आधीच.”

तर चुकलं म्हणजे एवढंच : इथे शेवंती हे मृतांचं फूल. देवाला वाहा, घरच्या घरी माळा करा, कुणी काही म्हणणार नाही. पण पाहुणी म्हणून जाताना नेऊ नका.

खरं तर मृतांचा दिवस २ नोव्हेंबर, आपल्या सर्वपित्रीसारखा. पण त्याला सुट्टी नाही. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, त्याला आहे. म्हणून लोक संतांच्या सुट्टीत आपल्या माणसांना भेटून येतात. संतांची काही तक्रार ऐकिवात नाही.

आणि लिस्बनकरांसाठी त्या तारखेला आणखी एक कड आहे. १७५५ साली १ नोव्हेंबरलाच सकाळी, साडेनऊच्या सुमारास, भूकंप झाला. सण म्हणून माणसं चर्चमध्ये होती, मेणबत्त्या पेटलेल्या. छतं कोसळली, आगी लागल्या, मग नदीतून लाटा आल्या. वरच्या भागात कार्मुच्या मठाच्या कमानी आजही उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत, छत पुन्हा घातलंच नाही. गावांकडे त्या दिवशी सकाळी मुलं कापडी पिशव्या घेऊन दारोदार जातात आणि “पांव पुर देउश” म्हणतात. देवासाठी पाव. हो, आपलाच पाव. पिशवीत पडतात सुके अंजीर, अक्रोड, गोळ्या. तुमच्या दाराशी आली तर चिवडा घालायला हरकत नाही.

वसईहून एक वाचक : आमच्याकडे संत अंतोनचा सण मोठा. मामाकडे गोव्यात सांजांवला, म्हणजे संत जॉनच्या सणाला, विहिरीत उड्या. ह्या सणांना पोर्तुगालमध्ये सुट्टी असते का?

देशाला नाही, गावाला असते. प्रत्येक नगरपालिकेची स्वतःची एक सुट्टी. लिस्बनची १३ जून, संत अंतोनची. पोर्तुची २४ जून, सांजांवची. पोर्तुत विहीर नाही, पण रात्रभर लोक एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे मारत फिरतात. पीं पीं आवाज येतो. ओळखदेख लागत नाही.

एक चुकीची समजूत तेवढी काढते. अंतोन पदुआचा म्हणून जगभर ओळखला जातो, पण जन्मला लिस्बनमध्ये. पदुआला मेला, १२३१ साली. इथे त्याला पदुआचा म्हणालात तर म्हातारी माणसं तोंड फिरवतात.

१२ च्या रात्री जुन्या वस्त्यांत गल्लोगल्ली कोळशावर सार्डिन भाजतात. तारली म्हणा. धूर इतका की दोन दिवस केसांना वास. आणि प्रत्येक खिडकीत मंजेरिकु. ही बारीक पानांची, चेंडूसारखी गोल वाढलेली तुळशीची बहीण. कुंडीत कागदाचं फूल खोचलेलं आणि चार ओळींची चारोळी. नाव ऐकून मला मंजिरीच आठवते. पहिल्या वर्षी मी सवयीने वाकून वास घेतला, तर विकणारी किंचाळली. नाक लावायचं नसतं, झाड मरतं म्हणे! तळहात पानांवरून फिरवायचा आणि मग हात हुंगायचा. तेव्हापासून मी तसंच करते. झाड तरीही ऑगस्टपर्यंत वाळतंच.

साताऱ्याहून : मिस्टरांच्या पोर्तुगीज सहकाऱ्याने मेलमध्ये लिहिलंय, “शुक्रवारी आम्ही पूल करणार.” बांधकामाची कंपनी नाहीये त्यांची.

हसले मी! पूल म्हणजे ‘पोंत’. सुट्टी गुरुवारी आली की शुक्रवार रजा टाकून रविवारला जोडायचा, मंगळवारी आली तर सोमवार. त्या दिवशी मेलला उत्तर येणार नाही, हे समजून चाला.

ह्याच्याशी गल्लत करू नका ती ‘तुलरांसिया द पोंतु’ची. पोंतु म्हणजे हजेरी. सरकारी नोकरांची गैरहजेरी सरकार त्या दिवशी चालवून घेतं. कार्निव्हलचा मंगळवार हा असा. कायद्याने सक्तीची सुट्टी नाहीच, दरवर्षी सरकारने डोळेझाक करायची. १९९३ ला एका पंतप्रधानांनी ती केली नाही, २०१२ ला दुसऱ्यांनी. दोघांनाही लोकांनी विसरू दिलं नाही.

आणि बघा, इथे सोमवारला म्हणतात ‘सेगुंदा-फैरा’, मंगळवारला ‘तेर्सा-फैरा’, असं शुक्रवारपर्यंत. ही फैरा आली लॅटिन ‘फेरिया’तून, म्हणजे सुट्टीचा दिवस. ज्या भाषेत सोमवारचं नाव दुसरी सुट्टी आहे, त्यांना पूल बांधायला कोण शिकवणार.

म्हापशाहून एक वाचक : २५ एप्रिलशी आमचा काही संबंध?

आहे, कागदोपत्री पक्का आहे. १९७४ च्या २५ एप्रिलला लष्करातल्या कॅप्टन लोकांनी हुकूमशाही उलथली. बंदुकांच्या नळीत लाल कार्नेशनची फुलं खोचली गेली, म्हणून आजही त्या दिवशी छातीवर ते फूल लावतात. गोवा १९६१ च्या १९ डिसेंबरला मुक्त झाला, पण लिस्बनने ते मानलंच नव्हतं. मानलं ते ह्या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. तुमची मुक्ती आणि त्यांची, मध्ये बारा वर्षं.

१० जूनचंही सांगते. हा दिवस कवी कमॉइश यांच्या मृत्यूचा, साल १५८०, देश स्पेनकडे गेला तेच. ते स्वतः गोव्यात राहून गेलेले. हुकूमशहा सालाझारच्या काळात ह्या दिवसाला ‘वंशाचा दिवस’ म्हणत. आता नावात परदेशी गेलेल्या पोर्तुगीजांचा उल्लेख असतो. त्यात मी बसते की नाही, हे मी विचारलेलं नाही.

नाशिकहून : दिवाळीला रजा हक्काने मागता येते का?

२००१ च्या धार्मिक स्वातंत्र्याच्या कायद्याने येते, पण तीन अटी. तुमच्या कामाच्या वेळा लवचिक हव्यात, तुमच्या नोंदणीकृत धार्मिक संस्थेने सणांच्या तारखा सरकारला कळवलेल्या हव्यात, आणि तेवढे तास नंतर भरून द्यायचे. माझ्या इतक्या वर्षांत असा अर्ज एकही आला नाही. लोक सरळ २२ मधला एक दिवस टाकतात आणि संध्याकाळी लिस्बनमधल्या लुमियारच्या राधाकृष्ण मंदिरात जातात. तिथे गुजराती जास्त, बरेचसे मोझांबिकमार्गे आलेले. फराळात शंकरपाळी मिळतील, कडबोळी नाही.

लिस्बनमधलाच एक मालवणी मुलगा, हॉटेलात कामाला : सुट्टीच्या दिवशी काम केलं तर दुप्पट पैसे मिळतात असं सगळे म्हणतात. मला मिळाले नाहीत.

बाळा, दुप्पट होते. २०१२ पर्यंत. वर मी लिहिलेल्या त्याच धुमाळीत त्यांतली जादा रक्कम निम्म्यावर आणली. सुट्ट्या परत आल्या, ते मात्र परत आलं नाही. तुझ्या हॉटेलासारख्या सुट्टीलाही चालू राहणाऱ्या जागी आता कायद्याने मिळतं ते असं : त्या दिवशीच्या तासांवर ५० टक्के जादा, नाहीतर जितके तास केलेस त्याच्या निम्मे तास बदली विश्रांती. दोन्हींतलं काय द्यायचं ते मालक ठरवतो. तुमच्या धंद्याच्या सामूहिक करारात जास्त लिहिलं असेल तर जास्त.

पगारपत्रकावर ‘फेरियादु’, म्हणजे सुट्टी, अशी वेगळी ओळ असायला हवी. ती नसेल आणि बदलीचे तासही मिळाले नसतील, तर मालकाशी तोंडी बोलू नकोस, लिहून विचार. आणि ८ डिसेंबरच्या आधी विचार. त्यानंतर नाताळपर्यंत इथे कुणी कागद हातात घेत नाही.